मोबाइल नसताना ओटीपीचा अडसर कसा पार करायचा

पासवर्ड बरोबर टाकलेला असतो, तरी पडद्यावर ‘तुमच्या मोबाइलवर सहा अंकी कोड पाठवला आहे’ असं उमटतं. मोबाइल नसेल तर सगळं तिथेच अडतं. काहींकडे फोन नसतो, काहींना तो नको असतो, काहींचा हरवलेला असतो, काहींच्या घरी सिग्नलच पोचत नाही. कारण कोणतंही असो, त्यापायी स्वतःच्याच ईमेलला किंवा कामाच्या खात्याला मुकायची वेळ कुणावर येऊ नये. बहुतेक ठिकाणी ती टाळता येते. फक्त तयारी आधी करावी लागते, खातं हाताशी असताना. अडकल्यानंतर हेच काम दहापट अवघड होतं.

आधी एक फरक समजून घ्या. कोड दोन जातींचे असतात. एक बाहेरून पाठवला जाणारा: एसएमएस, व्हॉइस कॉल किंवा ईमेल. दुसरा तुमच्याच यंत्रावर तयार होणारा, जो कुणीही पाठवत नाही. दुसऱ्या जातीला ना सिम लागतं, ना नंबर, ना इंटरनेट. तो तयार करणारा प्रोग्राम ‘ऑथेंटिकेटर ॲप’ या नावाने ओळखला जातो आणि लोक बहुधा तो फोनवरच वापरतात, त्यामुळे फोन असल्याशिवाय हा कोड मिळत नाही असा समज पसरला आहे. प्रत्यक्षात कोणताही साधा संगणक हे काम करतो.

संगणकावर कोड तयार करणं

या कोडचं नाव टीओटीपी, म्हणजे वेळेवरून काढलेला, एकदाच वापरायचा पासवर्ड. त्याची रीत आरएफसी ६२३८ या दस्तऐवजात २०११ साली प्रसिद्ध झाली आणि ती सर्वांना खुली आहे. तुम्ही सोय चालू करता तेव्हा सेवेचा सर्व्हर एक गुप्त की तयार करतो आणि क्यूआर चित्रात घालून दाखवतो. त्या चित्रात एक ओळ मजकूर असतो: सेवेचं नाव, खात्याचं नाव आणि ती की. त्यानंतर सर्व्हर आणि तुमचा प्रोग्राम दोघंही एकच हिशेब करतात. १ जानेवारी १९७० पासून उलटलेल्या सेकंदांना ३० ने भागायचं, येणारा पूर्णांक आणि गुप्त की यांच्यावर ठरलेलं गणित चालवायचं आणि शेवटचे सहा अंक घ्यायचे. दोघांचं उत्तर जुळलं की दार उघडतं. म्हणजे लागतं काय, तर की आणि बरोबर चालणारं घड्याळ.

यासाठी कीपासएक्ससी हा मोफत, मुक्त स्रोत प्रोग्राम चांगला. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो, कुठेही खातं उघडावं लागत नाही आणि सगळी माहिती तुमच्याच डिस्कवर एका कुलूपबंद फाइलीत राहते. तो अधिकृत संकेतस्थळावरून किंवा लिनक्सच्या सॉफ्टवेअर भांडारातूनच घ्या. शोधयंत्रात वर दिसणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करून पासवर्ड सांभाळणारा प्रोग्राम कधीही उतरवू नये. हुबेहूब दिसणारी बनावट पानं तिथेच भेटतात.

नवा डेटाबेस, म्हणजे ती कुलूपबंद फाइल, उघडताना मुख्य पासवर्ड मागितला जातो. प्रोग्राममध्येच पासफ्रेझ, म्हणजे अनेक शब्दांचा पासवर्ड, बनवणारा जनरेटर आहे. तो ७,७७६ शब्दांच्या यादीतून यादृच्छिक शब्द काढतो. सात शब्द घेतले तर सुमारे ९० बिटांची ताकद मिळते आणि ती पुरेशी आहे. स्वतःच्या मनाने शब्द निवडू नका, माणसाच्या डोक्यातून येणारे शब्द अंदाज करण्याजोगे असतात. देवनागरीत पासवर्ड ठेवण्याचा मोह होईल, तोही टाळा. ऐनवेळी दुसऱ्या संगणकावर मराठी कळफलक नसेल किंवा त्याची मांडणी वेगळी असेल, तर स्वतःचीच फाइल उघडता येणार नाही.

मग प्रत्येक खात्यासाठी असं करा:

१. सेवेच्या सुरक्षा सेटिंगमध्ये जाऊन दोन टप्प्यांची पडताळणी उघडा आणि ‘ऑथेंटिकेटर ॲप’ निवडा. क्यूआर दिसेल.

२. त्याखाली बारीक अक्षरात ‘स्कॅन करता येत नाही?’ किंवा ‘की हाताने टाका’ अशा अर्थाचा दुवा असतो. तो दाबला की १६, ३२ किंवा अधिक अक्षरांची ओळ येते, बहुधा चार-चारच्या गटांत. ती कॉपी करा.

३. कीपासएक्ससीमध्ये त्या खात्याच्या नोंदीवर उजवं क्लिक करा, टीओटीपीच्या यादीतून सेट अप निवडा आणि की तिथे पेस्ट करा. ३० सेकंद, सहा अंक ही मूळ सेटिंग तशीच राहू द्या. काही तक्रार आली तर गटांमधल्या रिकाम्या जागा काढून पाहा.

४. नोंद निवडून कंट्रोल आणि टी दाबा, चालू कोड कॉपी होतो. तो सेवेच्या पानावर टाका. ‘सोय चालू झाली’ असं स्पष्ट दिसेपर्यंत ते पान बंद करू नका. मध्येच बंद केलं तर पुढच्या वेळी सेवा नवी की देते आणि तुमच्याकडची जुनी की निरुपयोगी होते.

५. लगेच बाहेर पडू नका. दुसऱ्या ब्राउझरमध्ये लॉगिन करून कोड खरंच चालतो का ते पाहा, पहिल्या ब्राउझरमधलं लॉगिन चालू ठेवूनच. काही चुकलं असेल तर आतून दुरुस्त करता येतं.

की कॉपी न करता हाताने उतरवायची वेळ आली, तर हे लक्षात ठेवा: या कीमध्ये ए ते झेड ही अक्षरं आणि २ ते ७ हे अंकच असतात. शून्य, एक, आठ आणि नऊ त्यात येतच नाहीत. म्हणून गोल दिसलं ते ‘ओ’ अक्षर, आणि उभी रेघ दिसली तर ती ‘आय’ किंवा ‘एल’.

क्वचित एखादी सेवा फक्त चित्र दाखवते, अक्षरी की देत नाही. तेव्हा पडद्याचं चित्र साठवा आणि झेडबारसारख्या, संगणकावरच चालणाऱ्या क्यूआर वाचकाने ते वाचा. मिळालेल्या ओळीत ‘सीक्रेट’ या शब्दापुढे बरोबरचं चिन्ह असतं, त्यानंतर पुढच्या ‘&’ चिन्हापर्यंतचा भाग म्हणजे की. हे चित्र ऑनलाइन क्यूआर वाचणाऱ्या संकेतस्थळावर चढवू नका. ती की ज्याच्या हाती लागेल, त्याला तुम्ही ती बदलेपर्यंत रोज तुमचे कोड काढता येतील. काम झालं की साठवलेलं चित्र पुसा आणि कचऱ्याची पेटीही रिकामी करा.

कोड ‘चुकीचा’ का येतो

बहुतेक वेळा दोष घड्याळाचा असतो. सर्व्हर सहसा चालू खिडकीखेरीज, म्हणजे चालू ३० सेकंदांखेरीज, मागची-पुढची एकच खिडकी मान्य करतो. म्हणजे तुमचं घड्याळ अर्ध्या मिनिटाहून अधिक सरकलं की कोड कधी चालतो, कधी नाही. दीड-दोन मिनिटांनी सरकलं की तो कधीच चालत नाही.

इथे एक फसवी अवस्था आहे, ती नीट पाहण्यासारखी आहे. पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी तंतोतंत जुळते, तरी प्रत्येक कोड नाकारला जातो. कारण टाइम झोन चुकीचा असतो आणि कुणीतरी काटे हाताने सरकवून वेळ जुळवलेली असते. टीओटीपीचा हिशेब जागतिक वेळेवर चालतो, दिसणाऱ्या वेळेवर नाही. झोन चुकला तर संगणकाची जागतिक वेळ काही तासांनी चुकीची असते. म्हणून आधी टाइम झोन दुरुस्त करा, मग वेळ आपोआप घेण्याची सोय चालू करा. विंडोजमध्ये तारीख आणि वेळेच्या सेटिंगमध्ये ‘सिंक नाउ’ हे बटण आहे, ते दाबा.

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर आणखी एक गोंधळ होतो. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स जागतिक वेळ. एकातून दुसऱ्यात गेलात की इंटरनेटवरून वेळ जुळेपर्यंत सगळे कोड चुकतात. दोघांपैकी एकाला दुसऱ्याची पद्धत पाळायला लावा. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगता येतं, विंडोजलाही जागतिक वेळेवर आणता येतं. आणि जुना संगणक वीज गेली की दरवेळी काही वर्षं मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला आहे. तो बहुधा सीआर२०३२ असतो. बदलला की प्रश्न मिटतो.

फाइल गेली तर

कोड देणारी फाइल हरवणं म्हणजे फोन हरवण्यासारखंच. तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा, त्यातली एक घराबाहेर, विश्वासातल्या माणसाकडे. फाइल कुलूपबंद असल्यामुळे पेनड्राइव्ह कुणाच्या हाती लागला तरी लगेच धोका नाही. नवं खातं जोडलं की प्रती ताज्या करा आणि अधूनमधून दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा, कारण न तपासलेली प्रत ऐनवेळी दगा देते.

एक चूक मात्र फार सहज होते. एकमेव प्रत क्लाउडमध्ये ठेवली जाते आणि त्या क्लाउडच्या खात्यात शिरायला लागणारा कोड त्याच फाइलीत असतो. संगणक बिघडला की किल्ली कुलपाच्या आत राहते. क्लाउडवर प्रत जरूर ठेवा, पण तीच एकमेव ठेवू नका.

पासवर्ड आणि कोड एकाच फाइलीत ठेवावेत का, हा प्रश्न रास्त आहे. तसं केलं तर ती एक फाइल आणि तिचा मुख्य पासवर्ड ज्याला मिळेल त्याला सगळंच मिळतं. तरीही पासवर्ड सेवेकडून फुटला किंवा कुणी अंदाजाने काढला, तर कोड तुम्हाला वाचवतोच. अधिक काळजी हवी असेल तर कोडसाठी वेगळा डेटाबेस करा आणि त्याला वेगळा मुख्य पासवर्ड द्या. ईमेल आणि पैशांच्या खात्यांसाठी तरी असं वेगळं ठेवणं बरं.

दुसरा प्रोग्राम निवडायचा असेल तर त्यातून की बाहेर काढता येतात का ते आधी पाहा. ऑथीचा संगणकावरचा प्रोग्राम मार्च २०२४ मध्ये बंद झाला. त्यात की निर्यात करायची सोय नव्हती, त्यामुळे फोन नसलेल्यांना प्रत्येक खात्यात जाऊन सगळं नव्याने बसवावं लागलं. ऑथीला नोंदणीसाठी फोन नंबरही लागायचा. एन्टे ऑथ संगणकावर चालतो, ईमेलवर नोंदणी होते आणि निर्यातही करता येते. अनेक यंत्रांवर कोड हवे असतील त्यांना तो सोयीचा.

सुरक्षा की: यूएसबीत घालायची छोटी पट्टी

पैसे खर्च करायची तयारी असेल तर फोनला सर्वांत चांगला पर्याय हाच आहे. युबिकी हे त्यातलं सर्वांत परिचित नाव. इतर उत्पादकांच्याही आहेत. की यूएसबीत घालायची, पिन टाकायचा, तिच्यावरच्या धातूच्या जागेला बोट लावायचं. टाइप करायला कोडच नसतो. आणि तिचा मोठा गुण हा की ती ब्राउझरच्या मदतीने संकेतस्थळाचा खरा पत्ता तपासते. हुबेहूब बनावट पानावर तुम्ही फसलात, तरी की फसत नाही. टीओटीपीचा कोड मात्र फसवणूक करणारा तुमच्याकडून टाइप करून घेऊन त्याच ३० सेकंदांत खऱ्या पानावर वापरू शकतो.

विकत घेताना दोन गोष्टी पाहा. संगणकाला यूएसबी-ए आहे की यूएसबी-सी, हे पहिलं. दुसरं, तुमच्या काही सेवा फक्त टीओटीपी घेत असतील तर युबिकी ५ मालिकेतली की घ्या. तिच्या आत टीओटीपीच्या गुप्त की साठवता येतात आणि युबिको ऑथेंटिकेटर हा प्रोग्राम संगणकावर त्यांचे कोड दाखवतो. फर्मवेअर (कीमधला मूळ प्रोग्राम) ५.७ पासून तिच्यात ६४ खाती मावतात, त्याआधीच्या कीमध्ये ३२. युबिकोची स्वस्तातली ‘सिक्युरिटी की’ फक्त फिडो, म्हणजे वर सांगितलेली कोड नसलेली पद्धत जाणते, टीओटीपी साठवत नाही. अनेकांची इथेच निराशा होते.

एक की घेऊन थांबू नका. या कीची नक्कल करता येत नाही, म्हणून सुरुवातीलाच दोन घ्या आणि प्रत्येक खात्यात दोन्ही एकाच दिवशी नोंदवा. एक जवळ, दुसरी दुसऱ्या जागी. ॲपल तर दोन की नोंदवल्याशिवाय ही सोय चालूच करू देत नाही.

पिनबाबत सावध राहा. सलग तीन वेळा चुकला तर की काढून पुन्हा घालावी लागते, आणि मध्ये एकदाही बरोबर न पडता एकूण आठ वेळा चुकला तर की बंद होते. मग रिसेट हाच मार्ग उरतो आणि रिसेटने आतली सगळी फिडो नोंदणी पुसली जाते. पिन म्हणजे अंकच हवेत असं नाही, अक्षरंही चालतात.

लॉगिन करताना ब्राउझर किंवा विंडोज अनेकदा भलंमोठं क्यूआर दाखवून ‘फोनने स्कॅन करा’ म्हणतं. तिथे घाबरून मागे फिरायचं नाही. त्याच चौकटीत ‘इतर पर्याय’ किंवा ‘सिक्युरिटी की’ असतं, ते निवडा. लिनक्सवर स्नॅप किंवा फ्लॅटपॅकमधून बसवलेल्या ब्राउझरला कधीकधी की दिसतच नाही. साध्या पॅकेजमधून बसवलेल्या ब्राउझरमध्ये करून पाहा.

पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची डिजिटल किल्ली, हीसुद्धा याच कुळातली. ती विंडोज हॅलोमध्ये (विंडोजची स्वतःची लॉगिन सोय) पिनवर ठेवता येते, कीपासएक्ससीच्या २.७.७ आवृत्तीपासून त्या फाइलीतही ठेवता येते. विंडोज हॅलोत ठेवलेली पासकी साधारणपणे त्याच संगणकाशी बांधलेली असते. तो गेला की तीही गेली, म्हणून ती एकमेव मार्ग म्हणून ठेवू नका.

कागदावरचे बॅकअप कोड

यांना लोक फार कमी लेखतात. गूगल आठ अंकी दहा कोड देतं, प्रोग्राम साठवणारी गिटहब सेवा सोळा देते, मायक्रोसॉफ्टच्या वैयक्तिक खात्याला २५ अक्षरांचा एक पुनर्प्राप्ती कोड मिळतो. गूगलचे आणि गिटहबचे कोड प्रत्येकी एकदाच चालतात. छापा किंवा स्वच्छ अक्षरात लिहा, वर सेवेचं नाव आणि तारीख घाला, वापरलेल्या कोडवर लगेच काट मारा. दोन-तीन उरले की नवा संच काढा. नवा संच काढताच जुने सगळे रद्द होतात, म्हणून जुना कागद फाडून टाका, नाहीतर अडचणीच्या वेळी नेमका तोच हाती येतो. पासवर्ड त्या कागदावर लिहू नका.

वाचनालयातल्या किंवा दुसऱ्याच्या संगणकावर काम करायचं असेल तर हेच कोड सर्वांत योग्य. तिथे कीपासएक्ससीची फाइल उघडू नये. कळा टिपणारा प्रोग्राम त्या यंत्रावर असेल तर मुख्य पासवर्ड आणि फाइल दोन्ही जातात. कागदावरचा कोड कुणी टिपला तरी तो तेव्हाच निकामी झालेला असतो. पासवर्ड मात्र टिपला जाऊ शकतो, तेव्हा घरी आल्यावर तो बदला. काम झालं की लॉगआउट करा आणि ‘या संगणकावर विश्वास ठेवा’ ही खूण कधीही करू नका.

लँडलाइन आणि ईमेल

‘कोड पाठवा’च्या शेजारी ‘कॉल करा’ असेल तर घरातला लँडलाइन चालू शकतो. यंत्राचा आवाज अंक सांगतो, बहुधा दोनदा. कागद-पेन आधीच घेऊन बसा. ॲपलच्या खात्याला विश्वासू नंबर लागतोच, पण तो कॉल घेऊ शकणारा लँडलाइनही चालतो.

नंबर भरताना देशाचा कोड लावा आणि एरिया कोडच्या सुरुवातीचं शून्य गाळा. कॉल न येण्याचं हे नेहमीचं कारण. काही सेवा कोड सांगण्याआधी एखादं बटण दाबायला सांगतात, तिथे जुना चकतीचा फोन चालत नाही. ऑफिसच्या एक्स्टेंशनवर तो कॉल बहुधा पोचत नाही, कारण यंत्राला पुढचा नंबर फिरवता येत नाही. आणि निरोप साठवणारं यंत्र जोडलेलं असेल तर कोड त्यात रेकॉर्ड होऊन पडतो, तेव्हा ते बंद ठेवा.

ईमेलवर कोड घेणं सर्वांत सोपं, पण मग ते ईमेल खातं सगळ्यांचं मूळ होतं. त्याला टीओटीपी किंवा सुरक्षा की लावलेली असावी, एसएमएस नव्हे. गूगलमध्ये मे २०२४ पासून आधी फोन नंबर न देताही ऑथेंटिकेटर किंवा सुरक्षा की जोडून दोन टप्प्यांची पडताळणी चालू करता येते. नवं गूगल खातं उघडताना मात्र पुष्कळदा नंबर मागितला जातो आणि तिथे वळसा नसतो. प्रोटॉनसारख्या ईमेल सेवेत बहुधा चित्रकोड्यावर किंवा दुसऱ्या ईमेलवर काम भागतं, आणि तिथला १२ शब्दांचा पुनर्प्राप्ती वाक्यांशही कागदावर लिहून ठेवता येतो.

जे करू नये

एसएमएस फुकट स्वीकारून दाखवणारी संकेतस्थळं टाळा. तिथे आलेला प्रत्येक कोड जगाला दिसतो. तुमच्या खात्याला तो नंबर जोडला की तुमच्यानंतर तो नंबर वापरणारा कुणीही ‘पासवर्ड विसरलो’ दाबून आत शिरू शकतो. इंटरनेटवरून घेतलेला आभासी नंबर त्या मानाने बरा, पण सेवा लाइनचा प्रकार तपासतात आणि असे नंबर बऱ्याचदा नाकारतात. आज चालला तरी उद्या चालेलच असं नाही.

नातेवाइकाचा नंबर देणं नाइलाज म्हणून ठीक, पण त्यांचा नंबर बदलला, सिम बंद पडलं किंवा संबंध बिघडले, तर खातं त्यांच्या हाती. दिलाच असेल तर आत शिरताक्षणी टीओटीपी जोडा, बॅकअप कोड काढा आणि मग नंबर काढून टाका. क्रम महत्त्वाचा: आधी नवा मार्ग तपासून घ्यायचा, मग जुना काढायचा. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सगळी सुरक्षा माहिती एकदम बदलली तर ३० दिवस थांबावं लागतं.

फोन नाही म्हणजे आपण कमी सुरक्षित, असं मात्र मनात आणू नका. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत एसएमएस आणि कॉलवरचे कोड ‘मर्यादित’ वर्गात टाकले. दुसऱ्याच्या नावावरचं सिम फसवून आपल्या नावावर करून घेणं शक्य असतं, हे त्यामागचं एक कारण. दोन सुरक्षा की बाळगणारा माणूस एसएमएसवर विसंबणाऱ्यापेक्षा कितीतरी भक्कम असतो.

पडताळणी वारंवार का येते

‘हे यंत्र लक्षात ठेवा’ ही खूण केली की ब्राउझरमध्ये एक कुकी, म्हणजे ओळखीची छोटी नोंद, राहते. ब्राउझर बंद करताना सगळ्या कुकी पुसायची सवय असेल, खाजगी खिडकीत लॉगिन करत असाल किंवा व्हीपीएनमुळे दरवेळी वेगळ्या देशातून आल्यासारखं दिसत असेल, तर सेवेला तुम्ही रोज नवे वाटता. स्वतःच्या संगणकावर महत्त्वाच्या दोन-चार सेवांच्या कुकींना पुसण्यातून सूट द्या आणि त्यांच्यासाठी व्हीपीएन बंद ठेवा. पडताळणीच्या बऱ्याच कटकटी यानेच थांबतात.

बँक, नोकरी आणि न ऐकणाऱ्या सेवा

बँकेला थेट विचारा: ‘मोबाइलशिवाय हार्डवेअर टोकन किंवा कार्ड रीडर देता का?’ काही बँकांकडे ही सोय असते, पण संकेतस्थळावर ती ठळक दिसत नाही. कार्ड रीडरमध्ये स्वतःचं कार्ड घालून पिन टाकला की कोड मिळतो. मागणी लेखी करा आणि उत्तर जपून ठेवा.

नोकरीच्या ठिकाणी मायक्रोसॉफ्टचं पान फोनवरचं ॲप उतरवायला सांगतं. तिथेच ‘मला दुसरं ऑथेंटिकेटर ॲप वापरायचं आहे’ असा दुवा असतो, तो निवडा आणि पुढे ‘चित्र स्कॅन करता येत नाही’ दाबा, की मिळते. दुवा दिसत नसेल तर प्रशासकाने तो बंद केला आहे. मग आयटी विभागाकडे सुरक्षा की किंवा ओटीपी टोकन मागा. पहिल्यांदा आत शिरण्यासाठी ते ‘टेम्पररी ॲक्सेस पास’ देऊ शकतात, जो ठरावीक वेळच चालतो. ही सोय त्यांच्याकडे आहे हे माहीत असलं की बोलणं सोपं जातं.

व्हॉट्सॲप आणि सिग्नल यांची नोंदणी फोन नंबरवरच होते आणि सुरुवात फोनवरच्या ॲपमधूनच. तिथे वेळ घालवू नका. ज्यांच्याशी संपर्क हवा त्यांना ईमेलवर किंवा दुसऱ्या माध्यमावर आणा.

अडकलातच तर

सर्वप्रथम, जिथे कुठे अजून लॉगिन चालू असेल ते यंत्र शोधा: जुना लॅपटॉप, टॅबलेट, दुसरा ब्राउझर. तिथून लॉगआउट करू नका आणि कुकी पुसू नका. थेट सुरक्षा सेटिंगमध्ये जा, बॅकअप कोड काढा, टीओटीपी जोडा.

तसं काहीच उरलं नसेल तर पुनर्प्राप्तीचा अर्ज नेहमीच्या संगणकावरून, नेहमीच्या ब्राउझरमधून आणि नेहमीच्या इंटरनेट जोडणीवरून भरा. गूगल या खुणांना बरंच वजन देतं. आठवत असलेला जुना पासवर्ड विचारला तर तोही द्या, ‘माहीत नाही’ म्हणू नका. एकामागून एक घाईने प्रयत्न केले तर तात्पुरती बंदी येते, तेव्हा मध्ये वेळ जाऊ द्या. गिटहबवर मात्र दुसऱ्या टप्प्याचे सगळे मार्ग आणि पुनर्प्राप्ती कोड दोन्ही गमावले तर मदत विभागही खातं परत मिळवून देईलच असं नाही. तिथले सोळा कोड आजच छापून ठेवा.